पाया पडू न देणारा बाबा



कापसाची वेचणी संपत आली की आपल्याकडे दोन कामं एकदमच सुरू होतात. एक म्हणजे गटाच्या कर्जाची परतफेड, आणि दुसरं म्हणजे गावोगावचे सप्ते, मेळावे, दरबार. मागच्या वर्षी आमच्या एका गटात या दोन गोष्टी एकमेकींवर आदळल्या. गटाचं नाव आम्ही सांगणार नाही, गावाचंही नाही, आणि त्या दरबारवाल्या बाबाचं तर मुळीच नाही. पण घडलं ते सांगतो, कारण त्यातूनच आजचा विषय निघाला.

चार बायांनी गटातून अंतर्गत कर्ज घेतलं. इतिवृत्तात कारण लिहिलं, ‘शेळी खरेदी’. तीन महिन्यांनी आम्ही शेळ्या पाहायला गेलो, तर गोठ्यात शेळी नाही, करडू नाही, दावं सुद्धा नाही. पैसा गेला होता दरबारात. जीपचं भाडं, नारळ, ‘विशेष अनुष्ठान’, आणि त्यानंतर त्याहून विशेष अनुष्ठान.

आम्ही चिडलो. समन्वयक म्हणून चिडणं सोपं असतं, रजिस्टर आपल्या हातात असतं ना! भर मीटिंगमध्ये बोललो, नको तेवढं बोललो. चौघी खाली मान घालून बसल्या. संध्याकाळी त्यातल्या एकीच्या ओट्यावर आम्ही बसलो तेव्हा ती बोलती झाली.

“घरी मले कोनी नावानं हाक मारत नाही. सासू ‘वं’ म्हनते, नवरा ‘ऐकतं का’ म्हनते, पोरं ‘मा’ म्हनतात. त्या बाबानं हजार मानसात माह्यं नाव घेतलं. म्हने, तू लय सोसलं बाई.”

आम्ही विचारलं, त्याला नाव कसं कळलं?

“पावती फाडतानी लिहून घेतलं होतं न. मले काय समजत नाही का?” ती म्हणाली. “तरी बरं वाटलं.”

त्या ‘तरी बरं वाटलं’ला आमच्यापाशी उत्तर नव्हतं. तिला फसवलं होतं हे तिला कळत होतं, आणि तरी तिला जे मिळालं तेही खरं होतं. मग आम्ही वाचायला बसलो. आपल्या वऱ्हाडात, आपल्या शेजारी, माणसं एखाद्याच्या मागं का जातात आणि तो माणूस त्यांचं पुढं काय करतो, याचा इतिहास काही लहान नाही. तो वाचून आम्हाला जे उमगलं ते आज तुमच्यापुढं ठेवतो.

आधी एक शब्द. पुस्तकांत या विषयाला ‘करिश्मा’ म्हणतात. मॅक्स वेबर नावाच्या जर्मन अभ्यासकानं शंभर वर्षांपूर्वी तो शब्द रूढ केला. त्याचं म्हणणं साधं आहे. एखाद्याच्या अंगी काही विलक्षण आहे असं लोकांना वाटतं, म्हणून त्याची सत्ता चालते. त्याच्यापाशी हुद्दा नसतो, बापजाद्यांची गादी नसते. लोक मानतात तोवर ते वलय, लोकांनी मानणं सोडलं की तो आपला साधा माणूस. म्हणजे अर्धं वलय त्याचं आणि अर्धं आपलं.

पण आम्हाला त्याहून बरा शब्द आपल्याच मातीत सापडला. तो महानुभावांचा. शब्द आहे ‘वेध’.

तेराव्या शतकात चक्रधर स्वामी गुजरातेतून इकडं आले. अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर तुम्हाला माहीत आहे, आता तिथं मराठी भाषेचं विद्यापीठही झालंय. त्या रिद्धपूरला त्यांना गुरू भेटले, गोविंदप्रभू. पुढं चक्रधर गावोगाव पायी फिरले, गोदावरीकाठी राहिले. त्या काळाच्या मानानं तो एक नवाच धर्मपंथ होता. त्यांना पाहून, ऐकून माणसं कामं टाकून मागं निघत. त्याला महानुभाव म्हणतात ‘वेध’. आपणही म्हणतो की नाही, माहेरचे वेध लागले, लग्नाचे वेध लागले. जीव तिकडंच ओढ घेतो, हातातली भाकर करपते. तोच हा वेध. पण महानुभाव तिथं थांबत नाहीत. वेधाच्या जोडीला ते ‘बोध’ म्हणतात. आधी वेध, मग बोध. ओढून घेतलं, पण पुढं शिकवलं काय?

आम्हाला वाटतं, सगळी परीक्षा याच जोडीत आहे. वेध लावणारे पुष्कळ असतात.

चक्रधरांच्या मागं बाया फार होत्या. बाइसा होत्या, महदाइसा होत्या. महदाइसा म्हणजे महदंबा, मराठीतली पहिली कवयित्री म्हणून जिचं नाव घेतात ती. ही बाई गप्प बसून ऐकणारी नव्हती. ‘लीळाचरित्र’ म्हाइंभटांनी 1278 च्या सुमारास लिहून काढलं, त्यात ती प्रश्नावर प्रश्न विचारताना दिसते. स्वामी कंटाळत नाहीत, उत्तर देतात. विटाळाचा विषयसुद्धा त्यात आहे, सख्यांनो. सातशे वर्षांपूर्वी एक पुरुष बायांना सांगतोय की शरीराला दारं आहेत, नाकातून शेंबूड येतो, डोळ्यांतून चिपडं येतात, तसंच हेही एक शरीराचं वाहणं, त्याचा विटाळ काय धरायचा! आम्ही हे एका ग्रामसंघाच्या बैठकीत सांगितलं तेव्हा एक म्हातारी म्हणाली, “मंग आमच्या सासूले कोनं नाही सांगतलं?” सगळ्या हसल्या. पण ती हसली नाही.

आता आपल्याला जवळच्या माणसाकडं येऊ. यवतमाळहून दारव्हा, कारंजा करत शकुंतला गाडी जायची ती मूर्तिजापूरला. आता गाडी बंद आहे, रुळांवर गवत आहे. पण म्हाताऱ्या माणसांना त्या गाडीचा प्रवास आठवतो. त्या मूर्तिजापूर तालुक्यात दापुरे गाव आहे, तिथं एक पोरगं मामाच्या घरी वाढलं. नाव डेबूजी. जन्म 23 फेब्रुवारी 1876, गाव शेंडगाव, अंजनगाव सुर्जी तालुका. जात परटाची. बाप झिंगराजी दारूपायी गेला. आई सखुबाई लेकराला घेऊन माहेरी आली. ही गोष्ट कोणत्या गावातली नाही? आपल्या प्रत्येक गटात एक सखुबाई आहे.

डेबूजी शेतीत पक्का गडी निघाला. पण मामाच्या शेतावर सावकाराची नजर होती. कागदावर अंगठे होते, हिशोब सावकाराच्या वहीत होता, आणि शेत गेलं. सावकाराची माणसं शेताचा ताबा घ्यायला आली तेव्हा हा जवान पोरगा नांगर धरून आडवा झाला, असं त्यांच्या चरित्रांत येतं. पुढं मुलीच्या बारशाला त्यानं जातीच्या रिवाजाचं मटण आणि दारू दिली नाही, गोडाचं जेवण दिलं. लोक नाराज झाले. पण तेव्हाच गावानं ओळखलं असणार की हा चारचौघांसारखा नाही.

1 फेब्रुवारी 1905 ला, वयाच्या 29 व्या वर्षी, तो घर सोडून निघाला. मागं म्हातारी आई, बायको कुंताबाई, लेकरं. त्याआधी पाचच वर्षं, 1899-1900 चा तो भयंकर दुष्काळ वऱ्हाडानं भोगला होता. पटकी, प्लेग, सावकारी हे तर होतंच. असल्या काळात माणसाची जुन्या आधारांवरून श्रद्धा उडते आणि नव्या आधाराला तो हात पसरतो. हे आम्ही पुस्तकातून सांगत नाही. ज्या कारणानं आपल्या जिल्ह्याचं नाव पेपरात येतं ते तुम्हाला माहीत आहे. ज्या घरात मालक फवारणीचं औषध पिऊन गेला, त्या घरी तेराव्याच्या आतच कोणीतरी दरबाराचा पत्ता घेऊन येतं. दुःख ताजं असतं तेव्हा माणूस सगळ्यात हलका असतो, वारा येईल तिकडं उडतो.

बारा वर्षं हा माणूस अनवाणी फिरला. चिंध्यांची गोधडी अंगावर, डोक्यावर फुटकं गाडगं, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीचा तुकडा, हातात खराटा. त्या गाडग्यावरूनच नाव पडलं, गाडगेबाबा. आता हेही पाहा. वेष हा वेधाचा पहिला भाग असतो. भगवी शाल असो, पांढरी कफनी असो की चिंध्या असोत, ‘हा आपल्यासारखा नाही’ हे बघताक्षणी कळलं पाहिजे. गाडगेबाबांनाही ते कळत होतं असं आम्हाला वाटतं. पण त्यांनी घातलं काय? बाईच्या हातातली फुटकी बांगडी आणि चुलीजवळचं फुटकं गाडगं. ज्या वस्तू आपण उकिरड्यावर टाकतो, ज्यांना घरात जागा नाही. त्या चिंध्या बघून झाडलोट करणारी बाई बिचकत नव्हती, तिला वाटायचं, हा आपल्यातलाच.

बाबा गावात आले की दिवसभर गाव झाडत. रात्री कीर्तन. कीर्तन वऱ्हाडी बोलीत, आणि सगळं प्रश्नांवर चाललेलं. देवाला आंघोळ कोण घालतं? देवापुढचा नैवेद्य कुत्र्यानं नेला तर कुत्रं कोण हाकलतं? लोक ओरडून उत्तर देत, माणूस! मग बाबा पुढचा प्रश्न टाकत. असं करत करत माणूस स्वतःच्याच तोंडानं तिथं पोचायचा जिथं बाबाला त्याला न्यायचं होतं. मधेच ‘गोपाला गोपाला’चा गजर, हजारो टाळ्या एका तालात. त्यांचं शेवटचं कीर्तन 8 नोव्हेंबर 1956 ला मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झालं, त्याचं ध्वनिमुद्रण आहे. आम्ही ते मोबाईलवर एका बैठकीत लावलं. ज्या बाया कधी मीटिंगमध्ये तोंड उघडत नाहीत त्या मोबाईलला उत्तरं देत होत्या.

हीच ती ताकद, सख्यांनो. हजार माणसं एका तालात टाळी वाजवतात, श्वाससुद्धा एक होतो, तेव्हा मन मऊ होतं. मऊ झालेल्या मनावर जे दाबाल ते उमटतं. दरबारातही तेच होतं, ढोल, टाळी, रडणं. मऊ करण्याची तऱ्हा सारखीच आहे. दाबलं काय, ते पाहायचं. गाडगेबाबांनी दाबलं ते असं: कर्ज काढून सण, लग्न, यात्रा करू नका, बकरं कापू नका, शिवाशिव पाळू नका, घरची भांडी विकावी लागली तरी पोरं शिकवा. शाळेची पायरी न चढलेला हा माणूस. आणि आमच्या बी.ए.च्या गुणपत्रिकेवर वर छापलेलं असतं, संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ.

पाया पडायला कोणी वाकलं की बाबा काठी उगारत, असं जुनी माणसं हसून सांगतात. कीर्तन संपलं की लोक हारतुरे घेऊन शोधायचे, तोवर बाबा अंधारात पुढच्या वाटेला लागलेले असत. आपला कोणी शिष्य नाही आणि आपण कोणाचे गुरू नाही, हे ते स्वच्छ सांगत. पैसा मात्र लोकांनी खूप दिला. त्यातून ऋणमोचनला पूर्णेवर घाट झाला, पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथं धर्मशाळा झाल्या, शाळा, वसतिगृहं, गोरक्षणं झाली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी 1949 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली. बाकीच्या कामासाठी 1952 साली मिशन स्थापन झालं. त्यांनी स्वतःसाठी काय ठेवलं? गाडगं. त्यातच मागून आणलेली भाकर खात.

आता इथं आम्ही थोडं थांबतो, कारण इथं पुरुष वक्ते थांबत नाहीत.

कुंताबाईचं काय? इतक्या धर्मशाळा बांधणाऱ्याची बायको झोपडीत राहिली. संस्थांच्या पैशाला घरच्यांनी हात लावायचा नाही, हा बाबांचा दंडक होता. एकुलता मोठा झालेला मुलगा गोविंद गेला, ती खबर बाबांना कीर्तनात कळली आणि त्यांनी कीर्तन थांबवलं नाही. हे सगळं बाबांचा मोठेपणा म्हणून सांगितलं जातं. तो मोठेपणा आहेच, आम्ही नाकारत नाही. घराणेशाही करून संस्था लेकरांच्या नावावर करणारे बाबा पाहिले की तर तो अजूनच मोठा वाटतो. पण तिकडं ज्या आईचं पोरगं गेलं होतं तिच्याजवळ त्या रात्री कोण होतं, हे कोणी सांगत नाही. एका माणसाला सगळ्या जगाचं व्हायचं असेल तर त्याच्या घरच्या वाट्याची भाकर कमी होते, आणि ती बहुतेक वेळा बाईच्या ताटातली असते. गाडगेबाबांसारख्या माणसाच्या बाबतीतसुद्धा हे खरं होतं. मग बाकीच्यांचं काय बोलावं! आमच्यात यावर एकमत नाही. एक समन्वयक ताई म्हणतात, कुंताबाईनं न बोलता जे सोसलं त्याच्याशिवाय गाडगेबाबा झालेच नसते, तेव्हा फोटोत तीही पाहिजे. दुसरी म्हणते, सोसण्याचा फोटो कायले लावायचा?

गाडगेबाबांच्या मागं तेहतीस वर्षांनी अमरावती जिल्ह्यातच यावलीला माणिक नावाचा मुलगा जन्मला, 1909 साली. वरखेडच्या आडकोजी महाराजांनी त्याला नाव दिलं तुकड्या. हे आपले तुकडोजी महाराज. हातात खंजिरी, आवाज असा की रात्रभर माणसं हलत नसत. तरुणपणी ते रामटेक, सालबर्डीच्या रानात राहिले, त्यामुळं त्यांच्याभोवती चमत्कारांच्या गोष्टी जमल्या. वाघ जवळ बसायचा, अमुक झालं, तमुक झालं. हे ध्यानात घ्या, चमत्कार पुष्कळदा बाबा करत नाही, लोकच जमवतात. एक जण सांगतो, दुसरा त्यात भर घालतो, आणि तिसऱ्याला कमी सांगायची लाज वाटते. 1935 साली सालबर्डीच्या यज्ञाला एवढी गर्दी झाली की महाराजांचं नाव सगळीकडं गेलं. त्याच वर्षी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. 1936 मध्ये गांधीजींनी सेवाग्रामला बोलावलं, तिथं ते जवळपास महिनाभर राहिले. 1942 च्या चळवळीत इंग्रजांनी धरलं, नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं.

त्या गर्दीचं दुसरा कोणी काय करता? महाराजांनी तिला रोजच्या सवयीला लावलं. गावोगावी गुरुदेव सेवा मंडळं, पहाटे ध्यान आणि ग्रामसफाई, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना. आमच्या भागात अजून कितीतरी गावांत ती चालते, मांडी घालून ओळीत बसतात, जात कोण विचारत नाही. आणि मग ‘ग्रामगीता’ लिहिली, 41 अध्यायांची. तिच्यात शेती आहे, आरोग्य आहे, ‘महिलोन्नती’ नावाचा अख्खा अध्याय आहे. बुवाबाजीवर, चमत्काराच्या नादावरही त्यांनी सडकून लिहिलं. ज्यांच्या नावावर स्वतः चमत्कार जमले होते त्यांनी हे लिहावं, याला धैर्य लागतं. सगळं आमच्या मनासारखं आहे असं नाही. बाईनं घर कसं सांभाळावं यावरचे काही विचार आज आम्हाला जुने वाटतात. पण पुस्तक हाती असलं की असं म्हणता तरी येतं. मनासारखं नाही ते पान दाखवता येतं. दरबारात पान नसतं.

बाबा गेल्यावर काय, हा प्रश्न वेबरनं विचारला होताच. माणूस गेला की वेध हवेत राहत नाही, त्याचं पुस्तक होतं, मंडळ होतं, संस्था होते, नाहीतर गादीचं भांडण होतं. महानुभावांचं उदाहरण यात शिकण्यासारखं आहे. चक्रधरांनंतर नागदेवाचार्य पुढारी झाले. केशवराज हे संस्कृतचे मोठे पंडित, तेव्हा नागदेवांनी त्यांना सांगितलं की संस्कृतात लिहू नका, आमच्यातल्या साध्या माणसांना, म्हाताऱ्या बायांना ते कळणार नाही. आपण मराठीत वाचतो-बोलतो त्याच्या मुळाशी कुठंतरी त्या म्हाताऱ्या बाया आहेत. पण पुढं काय झालं? पंथानं तेच मराठी ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहून बंद केले. बाहेरच्यांच्या निंदेची, छळाची भीती होती, कारणं होती. तरी शेकडो वर्षं ते कुलपात राहिले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांसारख्यांनी त्या लिपीचा उलगडा केला तेव्हा कुठं बाकीच्या मराठी माणसांना ते कळले. म्हणजे बोध दिला तरी तो उघडा ठेवावा लागतो, नाहीतर किल्ली ज्याच्याकडं त्याचीच सत्ता.

आता जगातल्या दोन गोष्टी, थोडक्यात, कारण त्या चौघींपैकी एकीला समजून घ्यायला आम्हाला त्यांचा उपयोग झाला.

पहिली अमेरिकेतली, 1954 ची. शिकागोजवळ एक बाई सांगायची की 21 डिसेंबरला महापूर येणार आणि आपल्याला न्यायला आकाशातून यान येणार. काहींनी नोकऱ्या सोडल्या, घरदार सोडलं. लियॉन फेस्टिंगर नावाचा मानसशास्त्रज्ञ आणि त्याचे साथीदार त्यांच्यात मिसळून बसले होते. पूर आला नाही. लोकांनी बाईला सोडलं का? ज्यांनी सगळ्यात जास्त गमावलं होतं त्यांनीच जास्त घट्ट धरलं, आपल्या प्रार्थनेमुळं जग वाचलं म्हणू लागले आणि नवे लोक जमवू लागले. आमच्या त्या सखीनं दुसऱ्यांदा पैसे का दिले ते आम्हाला इथं कळलं. पहिले पाच हजार वाया गेले हे मान्य करण्यापेक्षा आणखी दोन हजार देणं सोपं होतं. वाया गेलं म्हणायचं म्हणजे नवऱ्यासमोर, सासूसमोर आपण मूर्ख ठरलो म्हणायचं. आणि आम्ही काय केलं होतं? भर मीटिंगमध्ये तिला मूर्ख ठरवलं होतं. तिला परत दरबाराकडं ढकलायला तेवढं पुरे होतं.

दुसरी गोष्ट जिम जोन्सची. काळे-गोरे एका पंगतीला बसवणारा, म्हाताऱ्यांना जेवू घालणारा पाद्री म्हणून त्याची सुरुवात झाली. चांगली कामं केली होती त्यानं. मग हळूहळू माणसांना त्यांच्या नातेवाइकांपासून तोडलं, दूर गयानाच्या जंगलात नेलं, घराचे-पैशाचे सगळे दोर आपल्या हाती घेतले. 18 नोव्हेंबर 1978 ला तिथं नऊशेहून अधिक माणसं मेली. लेकरांना विष पाजलं, मोठी माणसं विष प्यायली. आपल्याकडचा कुठला दरबार असा आहे असं आम्ही म्हणत नाही. पण ‘माहेरी सांगू नको’, ‘गटात सांगू नको’, ‘डॉक्टरच्या गोळ्या बंद कर’ ही वाक्यं ऐकू आली की आम्हाला आता ते जंगल आठवतं. गाडगेबाबा स्वतः निघून जायचे, लोकांना त्यांच्या गावात, त्यांच्या माणसांत ठेवून.

कायद्याचंही सांगून ठेवतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात खून झाला, त्यानंतर त्याच वर्षी आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. चमत्काराच्या नावानं फसवून पैसे उकळणं, भूत काढतो म्हणून मारहाण करणं, साप किंवा कुत्रा चावला तर दवाखान्यात जाऊ न देणं, हे गुन्हे आहेत. कीर्तन, भजन, वारी, प्रदक्षिणा यांना कायदा हात लावत नाही. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण कायद्याचं नाव काढलं की कोणीतरी म्हणतंच, तुम्ही देवधर्म बंद करायला निघाल्या.

आपण मरू तिथंच दहन करा, मंदिर बांधू नका, मूर्ती करू नका, असं गाडगेबाबांचं सांगणं होतं. 20 डिसेंबर 1956 ला अमरावतीकडं नेत असताना वलगावजवळ गाडीतच त्यांचा जीव गेला. बाबासाहेबांना जाऊन तेव्हा चौदाच दिवस झाले होते. अमरावतीत त्यांची समाधी झाली, पुढं गावोगावी पुतळेही झाले. लोकांना पाया पडायला जागा लागते. काठी उगारणारा उरला नव्हता.

आमच्या प्रभाग संघाच्या खोलीतही त्यांचा फोटो आहे. परवा त्या सखीनं हप्ता भरला, सही केली. आता आम्ही बैठकीत हजेरी घेताना ‘अमक्याची सून’, ‘तमक्याची आई’ म्हणत नाही, प्रत्येकीचं नाव मोठ्यानं घेतो आणि ती ‘हो’ म्हणेस्तोवर थांबतो. हे तिनंच सुचवलं. वेळ लागतो, वीस बाया आहेत. निघताना ती फोटोपाशी गेली आणि सवयीनं वाकली. मग आमच्याकडं पाहून हसली. “राहू द्या ना ताई,” म्हणाली, “हा थोडीच पावती फाडते.”

प्रबोधनकार ठाकऱ्यांनी लिहिलेलं गाडगेबाबांचं चरित्र आम्ही मिळवलं आहे. येत्या मंगळवारी बैठक संपल्यावर वाचायला घेऊ. पहिली पानं तीच वाचणार आहे. चष्मा आणायला सांगितलंय.